दारातली शिंक

हैदराबाद
शनिवार, १० फेब्रुवारी १९९६

प्रिय मंगल,

सुलतान बाजारात मिरची कांडायची गिरणी होती, आठवते? शाळा सुटली की आपण त्या बाजूने चालत यायचो, आणि गिरणी यायच्या दहा पावलं आधीच तू नाक मुठीत धरायचीस. तरी तीन शिंका यायच्याच. दोन नाही, चार नाही, तीन. तिसरी झाली की मी सिस्टर बर्नाडेटसारखी मान तिरकी करून 'गॉड ब्लेस यू, चाइल्ड' म्हणायचे, आणि तू म्हणायचीस, "हे घरी येऊन आईला सांग." शाळेत शिंकलं की आशीर्वाद मिळायचा आणि तुमच्या घरी शिंकलं की निघालेला माणूस चपला काढून परत बसायचा, पाणी प्यायचा, मग उठायचा. आपल्याला दोन्हीचं सारखंच हसू यायचं. आता तिथे गिरणी नाही. पिवळ्या पाटीचं एसटीडी बूथ आहे.

चोवीस वर्षांनी पत्र लिहितेय आणि सुरुवात शिंकेने केली, याचा राग मानू नकोस. म्हणजे मान, पण कागद फाडायच्या आधी शेवटपर्यंत वाच. ज्या शिंकेपायी तू नारायणगुड्याचं घर सोडलंस तिच्याबद्दल मी आज काही लिहिणार नाही.

मी दवाखान्यात आहे. बोलायला मनाई आहे, आणि मनाई नसती तरी बोलता आलं नसतं, कारण नाकाच्या दोन्ही बाजूंत औषधात भिजवलेली जाळीची पट्टी घडीवर घडी घालून ठासून भरली आहे. किती लांब असते ती पट्टी, मंगल! आत जाताना मला वाटलं, सबंध पातळ भरताहेत. तोंडाने श्वास घेते, ओठांना भेगा पडल्यात, जिभेचा लाकडाचा तुकडा झालाय. शमीम नावाची नर्स आहे, तिने एक पॅड आणि पेन्सिल दिली. 'पाणी', 'उशी', 'दुखतं' असं लिहून दाखवायला. पहिल्या पानावर ते तीन शब्द लिहिले आणि दुसऱ्या पानापासून तुझं पत्र सुरू झालं.

थोडक्यात सांगते. मेंदूच्या खाली, नाकाच्या मागे, वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. पिट्यूटरी. माझ्या त्या वाटाण्यावर गाठ झाली होती. बावीस जानेवारीला वरच्या ओठाखालून, नाकाच्या वाटेने जाऊन काढली. सगळं छान झालं, आठव्या दिवशी घरी आले. परवा गुरुवारी माझा गौतम अमेरिकेला गेला. दिलसुखनगरला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता त्याने, आता न्यू जर्सीत नोकरी मिळाली आहे. तो गेला आणि त्यानंतर माझा घोळणा फुटला. अचानक. कारण काही नव्हतं.

काळजीचं काही नाही. सोमवारी पट्टी काढतील. तू यावंस म्हणून लिहीत नाही.

दर संक्रांतीला तू गौतमच्या नावाने पाकिटातून तिळगूळ पाठवतेस. आत एक ओळ नसते. मागच्या बाजूचा तुझा नांदेडचा पत्ता मी दर वर्षी ताडून पाहते. बदललेला नाही. म्हणून हे पोचेल.

तुझी,
त्रिवेणी


सोमवार, १२ फेब्रुवारी १९९६

मंगल,

पट्टी संध्याकाळी काढणार आहेत. तोवर वेळ आहे आणि भिंतीकडे बघून कंटाळा आला. नवा दवाखाना आहे, सगळीकडे गार हवा आणि काचा. खाटेसमोर टीव्ही टांगलाय, त्यात दिवसभर बायका कुठल्या तरी साबणाने तोंड धुतात.

तू मला रस्त्यात पाहिलंस तर ओळखणार नाहीस. आधी सांगून ठेवते. माझा चेहरा राहिला नाही. नाक पसरलं, जबडा पुढे आला, आवाज पुरुषी झाला. एका वर्षात झालं असतं तर कुणी ओरडलं असतं, पण दहा-बारा वर्षांत जरा जरा झालं, आणि रोज बघणाऱ्यांना रोजचंच वाटतं. चप्पल सहावरून आठ नंबरवर गेली. मला वाटलं, वय. आईंच्या पाटल्या माझ्या हातात होत्या, त्या एके दिवशी निघेनात. साबण लावला, तेल लावलं. शेवटी सराफाकडे गेले. त्याने माझे हात हातात घेऊन बघितले आणि म्हणाला, "माँजी, सोना छोटा नहीं होता. हाथ दिखाओ किसी डॉक्टर को." एवढे डॉक्टर झाले, त्यात पहिलं निदान सराफाचं. मी हसले आणि पाटल्या कापून घेतल्या. डॉक्टरकडे गेले त्यानंतर दोन वर्षांनी, बाजूने येणारी ऑटो दिसेनाशी झाली तेव्हा.

डॉक्टर अप्पाराव चांगला माणूस आहे. गौतमच्या समोर त्याने मला कागदावर डोकं काढून दाखवलं, सगळं नीट सांगितलं. घरी जाताना सूचना दिल्या. वाकायचं नाही. जड उचलायचं नाही. नाक शिंकरायचं नाही. आणि... आणखी एक होतं. असो.

गुरुवारचं सांगते. गौतमची टॅक्सी गेली, मी स्वयंपाकघरात आले आणि ओठावर गरम लागलं. आपण लहानपणी करायचो तसं मान मागे टाकून बसले. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या कुसुमताई दह्याची वाटी परत न्यायला आल्या. त्यांनी बघितलं मात्र, "वो बाई, अंगात उष्णता झाली तुमच्या," म्हणत मला जमिनीवर उताणं निजवलं, डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं आणि कांदा फोडून नाकाशी धरला. त्यांचा जीव तुटत होता, मंगल. त्यांची चूक नाही. आपल्यापैकी कुणीही हेच केलं असतं. रक्त बाहेर दिसायचं थांबलं तसं त्यांना वाटलं, गुण आला. ते सगळं घशातून पोटात चाललं होतं. मग एकदम उलटी झाली, काळी, आणि त्या किंचाळल्या.

ऑटोतून आणलं. दारातच शमीमने माझी मान धरून पुढे केली. "पीछू नक्को, अम्मी, सामने झुको. खून निगलो नक्को, थूको. हौ, थूको, शरमाओ नक्को." तिने नाकाचा मऊ भाग चिमटीत असा धरला की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. पंधरा मिनिटं सोडलं नाही. कुसुमताई हातात कांदा घेऊन उभ्याच होत्या. शमीम त्यांना म्हणाली, "चाची, वो प्याज घर कू ले जाओ, सालन में डालो."

तेवढ्याने थांबलं नाही म्हणून ही पट्टी. दोन बाटल्या रक्त चढवलं.

गौतमला काही कळवलेलं नाही. काल त्याचा फोन कुसुमताईंकडे आला होता. त्यांनी सांगितलं, आई देवळात गेल्यात. आज परत आला. परत देवळात. तो म्हणाला म्हणे, "काकू, आई एवढी कधीपासून देवळात जायला लागली?"

गौतमला तू दोन वर्षांचा बघितलास. आता उंच आहे, तुझ्या दादासारखा जरा वाकून चालतो. मराठी बोलतो छान, वाचताना जोडाक्षराशी थबकतो. ती चूक माझीच.

त्रिवेणी


बुधवार, १४ फेब्रुवारी १९९६

मंगल,

सोमवारी पट्टी काढली, रात्र बरी गेली. काल सकाळी चहाचा पहिला घोट घेतला आणि पुन्हा सुरू झालं. पहिल्यापेक्षा जोरात. ह्या वेळी मागून, घशाच्या वरून येत होतं. पट्टीने भागेना म्हणून नाकाच्या डॉक्टरांनी एक रबरी नळी नाकातून मागे घातली आणि टोकाचा फुगा पाणी भरून फुगवला. ती नळी खरं म्हणजे लघवीसाठी असते. कॉन्व्हेंटमध्ये आपल्याला नम्रता शिकवायचे, ती आता पुरती शिकून झाली. फुग्याच्या पुढे परत पट्टी. डोकं फुटेल असं ठणकतं. आणखी दोन बाटल्या रक्त.

अप्पाराव खाटेवर बसला. दवाखान्यातला मोठा डॉक्टर खाटेवर बसला की समजावं. म्हणाला, "अम्मा, ऑपरेशननंतर दोन-अडीच आठवड्यांनी असं कधी कधी होतं. आतली जखम भरत असते, खपली सुटते. पण मला नक्की कळायला हवं. गुरुवारी काय झालं? वाकलात? काही उचललं? शिंक दाबली?"

मी पॅडवर लिहिलं, नाही.

त्याने वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. "अम्मा," तो म्हणाला, "तुमचा राग मी करणार नाही. मला फक्त माहीत हवं." मी 'नाही'च्या खाली एक रेघ ओढली. तो गेला.

पंचावन्न वर्षांची बाई, मंगल. स्वतःचा जीव वाचवणाऱ्या माणसाशी खोटं बोलले. ते खोटं त्याच्यासाठी नव्हतंच. चोवीस वर्षांपूर्वीचं खोटं होतं, तेच पुन्हा कागदावर उतरलं. म्हणून आज सगळं लिहिते. तुला ठाऊक आहे ते सुद्धा, कारण मी ते एकदाही लिहिलेलं किंवा उच्चारलेलं नाही.

गुरुवारी दुपारी चार वाजता टॅक्सी दारात आली. गौतमने देवाला नमस्कार केला. मी त्याच्या तळहातावर दही घातलं, त्याने चाटलं. खांद्याला बॅग, एक पाय उंबऱ्याबाहेर. आणि माझ्या नाकात शिंक आली. जखमेची खपली असेल, उदबत्तीचा धूर असेल. डॉक्टरांनी शेवटची सूचना दिली होती, ती मी परवा तुला लिहिली नाही: शिंक आली तर अडवू नका, तोंड मोठं उघडं ठेवून शिंका. मला ती शब्दन् शब्द आठवत होती. पण माझा मुलगा उंबऱ्यात उभा होता. अगदी तसाच, एक पाय बाहेर. मी पदर तोंडावर घेतला, नाक दोन बोटांत चिमटून धरलं, दात आवळले. शिंक आतल्या आत फुटली. कानाच्या मागे काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. गौतम म्हणाला, "आई, रडू नकोस ना." मी मान हलवली. टॅक्सी वळणाआड गेली तोवर घशात खारट आलं होतं आणि मी ते गिळत हात हलवत होते.

सिस्टर बर्नाडेटने आठ वर्षं शिकवलेली मुलगी मी. तुमच्या घरात लग्न होऊन आले तेव्हा ह्या गोष्टींना हसणारी. पण बहात्तर सालच्या फेब्रुवारीनंतर मी दारात कधी शिंकले नाही. कुणीही निघालं की मी आतल्या खोलीत जाऊन थांबत असे. गौतमला वाटायचं, आईला निरोप देववत नाही.

बहात्तर साल. दादा तुझ्याच सोयरिकीची बोलणी करायला नांदेडला निघाला होता. तू तिशी गाठलेली, बी.एड. झालेली, आईंना रात्रंदिवस घोर. सकाळचे नऊ. दादा उंबऱ्यात वहाणा घालत होता. मी स्वयंपाकघराच्या दारात गौतमला कडेवर घेऊन उभी, तू माझ्या शेजारी. चुलीवर मिरचीची फोडणी होती. मी शिंकले.

मी शिंकले, मंगल. तू नाही.

आई आतून ओरडल्या, "कोण शिंकलं गं?" मी भ्यायले. सुनेची शिंक, तीही असल्या कामाला निघताना. पुढचे सहा महिने ऐकायला मिळालं असतं. तू माझ्याकडे बघितलंस, डोळा मारलास, आणि म्हणालीस, "मी, आई. सवयीची."

आणि दादा हसला. "मंगीची शिंक होय? तिच्या शिंकेला थांबायचं तर मी जन्मात घराबाहेर पडायचा नाही." आई पण हसल्या. "जा बाबा, तिची कोण मोजतंय," म्हणाल्या. तो बसला नाही, पाणी प्यायला नाही. गौलीगुड्याच्या स्टँडवर धावत जाऊन बस पकडली असेल. कामारेड्डीच्या पुढे ती पुलावरून खाली कोसळली.

शिंकेने माणूस मरत नाही हे तुलाही माहीत, मलाही. पण मी चोवीस वर्षं दुसरंच मोजत बसले आहे. सुनेची शिंक म्हटल्यावर आईंनी त्याला बसवलंच असतं. वहाणा काढून, पाणी पिऊन, पाच मिनिटं. ती बस गेली असती. तुझी शिंक होती म्हणून कुणी मोजली नाही. तू मला वाचवायला बोललीस आणि मी गप्प राहिले. हे तुझ्याही डोक्यात आलं असणार, कारण तेराव्याला तू माझ्याशी डोळा भिडवला नाहीस.

तेरावा. पानं वाढत होतो. दिलसुखनगरच्या इंदुमावशी, आईंची धाकटी बहीण, पंगतीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "त्याच्या बहिणीच्या सोयरिकीला गेला, आणि बहीणच दारात शिंकली." मग माझ्याकडे वळल्या. "त्रिवेणी, तू तिथेच होतीस. मंगलच ना?"

माझा नवरा नुकता मेला होता. माहेरी आई-बाप नव्हते, कडेवर पोर होतं, आणि मला वाटलं, मी खरं बोलले तर ह्या घरातून मला आणि गौतमला बाहेर काढतील. हे कारण आहे, ही माफी नाही. मी म्हणाले, "हो."

तू हातातलं भाताचं पातेलं खाली ठेवलं नाहीस. पंगत पुरी केलीस. ते मी विसरले नाही. नंतर दोन स्थळं आली आणि गोष्ट ऐकून परतली. जूनमध्ये तू नांदेडच्या शाळेत नोकरी धरलीस. गेलीस त्या दिवशी मी मागच्या खोलीत होते. आई गेल्या तेव्हा तुला तार केली नाही, कारण त्यांनी मनाई केली होती. ती मनाई मी पाळली. तीही माझीच सोय होती.

शमीमकडे एक चिठ्ठी दिली आहे, अप्पारावसाठी. 'हो, शिंक दाबली.' ह्या वेळी 'हो' खरं आहे.

त्रिवेणी


शुक्रवार, १६ फेब्रुवारी १९९६

मंगल,

तुझी तार मिळाली. शमीमने उशीला टाचणीने लावून ठेवली आहे. आपल्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत आहे, एकही शब्द जास्त नाही: शनिवारी पहाटेच्या गाडीने निघते, बोलू नकोस.

'बोलू नकोस' वाचून मला हसू आलं आणि हसायचीही मनाई आहे.

तारीख बघितली आणि कळलं, तू पहिल्याच पत्रावर निघालीस. ज्यात मी खरं म्हणून काही लिहिलंच नव्हतं, त्या पत्रावर. बाकीची दोन अजून टपालात असतील. तिसरं तुला न देता राहता आलं असतं. तू तर येतेच आहेस. दिवसभर हा विचार माझ्या मनात होता, म्हणून सांगते. कुसुमताईंनी ते कालच टपालपेटीत टाकलं, पण त्याआधी मी त्याची नक्कल करून ठेवली होती. एक नव्हे, दोन. दोन्ही ह्या पत्रासोबत आहेत, आधी त्यातली एक वाच.

उद्या सकाळी आठ वाजता मला आत नेतील. मांडीतून नळी घालून रक्तवाहिन्यांत रंग सोडतील आणि कुठून गळतं ते फोटोत बघतील. अप्पारावने चिठ्ठी वाचून हात जोडले. म्हणाला, "थँक्यू, अम्मा. आता मला कुठे बघायचं ते कळलं." नाकाच्या मागची लहान रक्तवाहिनी निघाली तर नाकाचे डॉक्टर ती बांधून टाकतील, आठवड्यात मी घरी. त्या ग्रंथीच्या शेजारून मेंदूकडे जाणारी मोठी वाहिनी निघाली तर गोष्ट वेगळी. त्याने लपवलं नाही. त्याच्याकडे बघून मलाही लपवावंसं वाटलं नाही.

तुझी गाडी काचीगुड्याला दुपारी पोचेल. तोवर मी आत असेन किंवा नुकती बाहेर आलेली असेन, शुद्धीत नसेन. म्हणून हे शमीमकडे ठेवते, दारात तुझ्या हातात देईल. मला काही झालं तर, आणि नाही झालं तरीही, हे असंच करायचं.

आईंच्या पाटल्या कपाटात, शाळेच्या जुन्या कंपासपेटीत आहेत. कापलेल्या आहेत, त्यांचे बारीक तुकडे आगपेटीत घालून सोबत ठेवलेत. त्या तुझ्या. तुझा आणि आईंचा हात एकाच मापाचा, लाड बाजारातला चुडीवाला तुमचा हात न मोजता चुडा काढायचा. माझ्या हातात त्या बारा वर्षं राहिल्या त्या चुकीने. सुलतान बाजारातला तोच सराफ जोडून देईल. सांधा दिसणार नाही म्हणतो. दिसला तरी घालच.

इंदुमावशी अजून आहेत, दिलसुखनगरला मुलाकडे. ऐंशीच्या पुढे, पण गोष्ट अजून सांगतात. घरातल्या प्रत्येक लग्नात सांगतात. तिसऱ्या पत्राची एक नक्कल त्यांच्यासाठी. मोठ्या अक्षरांत लिहिली आहे, मोतीबिंदूचं निमित्त नको. तू जाऊ नकोस. कुसुमताईंना सांगितलं आहे, त्या जाऊन सुनांच्या देखत वाचतील. अशा कामाला त्यांच्यासारखा आवाज नाही.

कुसुमताईंना माझं इडलीचं भांडं. तसंही ते तीन वर्षं त्यांच्याकडेच आहे.

शमीमला माझी करड्या रंगाची शाल. ती गार हवेच्या ह्या खोल्यांत बारा-बारा तास उभी असते आणि तक्रार करत नाही.

दुसरी नक्कल गौतमची. आज त्याला सगळं सांगितलं, म्हणजे कुसुमताईंनी सांगितलं, बूथवरून, मी शेजारी नव्हते, पण त्या म्हणाल्या, तो एवढंच म्हणाला, "म्हणून आई रडत होती असं मला वाटलं." तो येईल म्हणतो. येऊ नको म्हणावं, नोकरीला आठवडा झालाय. तो ऐकणार नाही. आला तर नक्कल त्याच्या हातात देऊ नकोस. जोडाक्षराशी अडेल, आणि अडू नये अशी ती जागा आहे. तू वाचून दाखव. तुझ्या आवाजात ऐकू दे. तिळगुळाची पाकिटंही त्यालाच दे, माझ्या पेटीत रिबिनीने बांधलेली चोवीस आहेत. तिळगूळ त्याने दर वर्षी खाल्ला. तो कुणी पाठवला ते विचारायचा, तेव्हा मी 'नांदेडची एक बाई' म्हणायचे. त्याला सांग, आत्या.

आता तुझं एकच राहिलं. इथे दाराशी फिनेलचा वास फार आहे. तुला तीन शिंका येणारच. नाक धरू नकोस. दाबू तर मुळीच नकोस, ते काय करतं ते मी तुला चार पत्रांत सांगितलं. मी आत असेन, मला म्हणता येणार नाही. म्हणून शमीमला सकाळपासून शिकवते आहे. सिस्टर बर्नाडेटचं वाक्य पॅडवर देवनागरीत लिहून दिलं, ती घोकते. तिसरी शिंक झाली की तिने म्हणायचं आहे, मान तिरकी करून. ती म्हणाली, "हमारे में बी छींक पे दुआ देते, अम्मी. तुमारी देके मैं अपनी बी दे देतूँ."

दोन्ही घे.

त्रिवेणी